उलट फिरलेले टाके

"शेवाळे, हे टाके कुणाचे?" निकमबाईंनी विचारलं.

"माझेच. दुसऱ्या कुणाचे असणार?"

"उगाच काहीतरी सांगू नका. तुमचा टाका मी अंधारात ओळखीन. बारीक, आणि कुणावर तरी रागावल्यासारखा ओढलेला. हे बघा इकडं."

त्यांनी माझी अर्धवट गोधडी उचलून खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि कापड डोळ्यांपाशी धरलं. हॉलमधल्या बाकीच्या बायकांनी सुया थांबवल्या. कार्यशाळेत दुसऱ्याची चूक निघते तेव्हा सगळ्यांना थोडं बरं वाटतं. मीही तशीच थांबायचे, त्यामुळं कुणाला बोलण्यात अर्थ नव्हता.

कराडच्या शनिवार पेठेतला महिला मंडळाचा तो हॉल. निकमबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण आवाजातून नाही. दर काही महिन्यांनी त्या कुठंतरी जायच्या, गोधडी शिवायची एखादी नवी तऱ्हा शिकून यायच्या आणि रविवारी दुपारी आमच्या माथी मारायच्या. चौकड्यांची झाली, त्रिकोणांची झाली, फुलं कापून वरून लावायची झाली. मी एकही चुकवली नव्हती. घरात तेव्हा गोधड्या सहा होत्या आणि येणारे पाहुणे दोन. या खेपेला त्या कर्नाटकात यल्लापूरच्या बाजूला जाऊन आल्या होत्या आणि तिथली रीत आम्हाला शिकवत होत्या. ना आखणी, ना चौकट. जुन्या साड्यांच्या घड्या अंथरायच्या, वर तुकडे ठेवत जायचं आणि कोपऱ्यापासून धावदोरा घालत कडेकडेनं फिरत, फिरत, आत आत यायचं. मधला भाग सगळ्यात शेवटी.

"तुम्ही कोपऱ्यातून निघता आणि अशा जाता," बाईंनी बोटानं दाखवलं. "आपण सगळ्याच अशा जातो. उजव्या हाताची बाई याच दिशेनं फिरणार. आता या दोन ओळी बघा. दोरा इथं सुरू झालाय आणि असा, उलट गेलाय. ही डाव्या हाताची शिवण आहे. घरात डावखुरं कोण आहे?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

म्हटलं आणि मग आठवलं. होती एक. आमच्या बैठकीच्या खोलीत तिचा फोटो होता, लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक कापतानाचा. सुरी डाव्या हातात होती. जी साडी निकमबाईंनी उजेडात धरली होती, ती तिचीच होती. आणि तिला जाऊन तीन वर्षं होऊन गेली होती.

"मग भुतानं शिवलंय म्हणायचं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसला. मीही हसले. पण गोधडी गुंडाळून लगेच पिशवीत कोंबली.

माझं लग्न उशिरा झालं. फलटणला आम्ही चौघी बहिणी. मी तिसरी, बोलायला फटकळ आणि रंगानं बेताची, त्यामुळं स्थळं येत आणि चहा पिऊन जात. पस्तिशी उलटल्यावर हे स्थळ आलं. दिगंबर शेवाळे, दूध संघात नोकरी, पहिली बायको तापानं गेलेली, एक मुलगी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. कराडला बदलून मिळत होतं. मी हो म्हटलं. लोक म्हणाले, पडतं घेतलं. मला तसं वाटलं नाही. हे साधे, शांत गृहस्थ होते. इतके शांत की कधी कधी घरात आहेत की नाहीत, तेही कळायचं नाही.

लग्नात मंगळसूत्राबरोबर माझ्या गळ्यात आणखी एक गोष्ट आली. सवतीचा टाक. नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. पहिली बायको गेलेली असली की दुसरीनं तो घालायचा आणि रोज आधी त्याला हळदकुंकू लावून मग स्वतःला लावायचं. सासूबाईंना आमच्याकडं आत्याबाई म्हणायचं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तिला इसरू नगंस. अहेव गेलीया, कपाळावर कुकू घिऊन. मानाची हाय. तिचं आधी, मग तुजं." मी मान डोलावली. ग्रंथालयात काम करणारी बाई असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, पण लावायला काय जातं? रोज सकाळी आरशापुढं उभी राहून मी वैजयंताच्या कपाळाला कुंकू लावायची. तिचं नाव वैजयंता.

आणि गौतमी. नऊ वर्षांची, हडकुळी, मोठ्या डोळ्यांची. ती मला कशानंच हाक मारायची नाही. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहायची. जेवताना घास निम्मा ताटात सांडायचा, अक्षर मुंग्या चालल्यासारखं, त्यावरून शाळेतून बोलणी. मी ओरडत नसे. जवळही घेत नसे. परक्या लेकराला जवळ घ्यायला मला संकोच वाटायचा, खोटं वाटेल म्हणून. पण मला ती आवडायची. ती दारात उभी राहिली की माझं पुस्तकातलं लक्ष उडायचं. दुपारी घरी एकटी काय करत असेल, हे कामावर माझ्या डोक्यात फिरायचं. तिची सकाळची शाळा. बाराला घरी यायची. आत्याबाई जेवून आडव्या व्हायच्या आणि मी साडेपाचशिवाय यायची नाही.

एकदा लवकर आले तर ती वैजयंताच्या कपाटाचं दार उघडून, साड्यांत तोंड खुपसून बसली होती. मी हळूच मागं फिरले. पण तेव्हापासून मनात होतं की त्या साड्या अशा बंद ठेवायच्या नाहीत, तिच्या अंगावर घालायच्या. मग निकमबाईंनी ही कार्यशाळा लावली आणि सांगितलं, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी आणा. माझ्या लग्नातल्या सगळ्या नायलॉनच्या, सुई टोचली की सरकणाऱ्या. मी ह्यांना विचारलं. हे बराच वेळ पेपर वाचत राहिले आणि म्हणाले, "घे. पडूनच आहेत."

आत्याबाईंना ते पसंत नव्हतं. "तिच्या कापडाला कात्री लावायच्या आधी तिला इचार," त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात विचारलं. उत्तर काय येणार? दोन इरकली आणि एक निळी सुती साडी मी काढली. फाडताना तिच्यातून वाळलेल्या बकुळीचा वास आला. दारात गौतमी उभी होती. फाटल्याचा आवाज ऐकून आली असेल. ती बघत राहिली आणि निघून गेली. ही गोधडी तिच्यासाठी आहे, हे मी सांगितलं नाही. पुरी झाल्यावर एकदम अंगावर घालीन, असं माझ्या मनात होतं.

त्याच सुमाराला घरात दुसरं एक शिजत होतं. गौतमीचा मामा, जयवंतराव, विट्याला राहायचा. त्याला दोन मुलगे, मुलगी नाही. पोर इथं रुळत नाही, खात नाही, बोलत नाही, तर त्यानं न्यावी, असं आत्याबाईंच्या आणि ह्यांच्या बोलण्यात यायला लागलं. पितृपक्षात अविधवा नवमीला तो बहिणीच्या नावानं जेवायला येणारच होता. जाताना पोरीला घेऊन जाईल. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. सावत्र आईचं असंच असतं. ठेवून घेते म्हटलं तर लोक म्हणणार, फुकटची कामाला ठेवली. जाऊ दे म्हटलं तर म्हणणार, आल्या आल्या हाकलली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी गप्प बसले आणि शिवत राहिले. ती गेली तर निदान तिच्या आईचं काही तिच्या अंगावर असेल, आणि त्यात माझे चार टाके असतील. पण ती जाऊ नये, असं मला वाटत होतं. फार वाटत होतं.

कार्यशाळेतून त्या दिवशी घरी आले आणि गोधडी पलंगावर पसरली. निकमबाई खोटं बोलत नव्हत्या. एकदा दाखवल्यावर मलाही दिसायला लागलं. माझी ओळ एका बाजूनं यायची आणि तिच्या आतून दुसरी, उलटी जायची. दोघी समोरासमोर चालत आल्यासारख्या. मी शेवटच्या टाक्यापाशी लाल दोऱ्याची खूण केली आणि गोधडी कपाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं. लाल खुणेच्या पुढं वीतभर शिवण होती. उलटी.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तूच शिवली असशील. दमलेली असतेस, ध्यानात राहत नाही."

"उलट्या हातानं?"

ह्यांनी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

आत्याबाईंना सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता मी सांगून टाकलं. त्या चष्म्याच्या जाड भिंगांतून माझ्याकडं बघत राहिल्या.

"डावरी हुती ती," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं वाढायची, डाव्या हातानं केर काढायची. किती बोलले मी तिला. सुई तर उजव्यात धरताच यायची न्हाई. लय गोड शिवायची पर."

"म्हंजे काय समजायचं मी?"

"मला काय इचारतीस? तुज्या गळ्यात हाय, तिला इचार."

पोळी तव्यावर जळली. माझा हात गळ्याशी गेला होता. टाक गार लागला. सोनं गारच असतं, हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी तो अंगाला लागून दिवसभर गार कसा राहिला असेल, हा विचार डोक्यातून जाईना.

त्यानंतरचे दिवस मी भीतीत काढले, हे आता सांगायला काही लाज नाही. दिवसा, उजेडात, भर वस्तीत भीती वाटायची. कामावरून येताना जिना चढताना पाय जड व्हायचे, कारण वर जाऊन मी पहिल्यांदा काय करणार, ते मला माहीत असायचं. आणि रोज ती ओळ पुढं गेलेली असायची. मी चार बोटं शिवली की समोरून आठ बोटं. कापड हातात घेतलं की बकुळीचा वास यायचा. कात्री मी उजवीकडं ठेवलेली असायची, ती डावीकडं सापडायची. ती मला हाकलते आहे की मदत करते आहे, तेवढं तरी कळलं असतं तर बरं झालं असतं. मी उसवायला घेतलं एकदा. एक टाका उसवला आणि हात थांबला. तिची साडी, तिची लेक. मी कोण उसवणारी?

एके दिवशी सकाळी मी टाक काढून देव्हाऱ्यात ठेवला आणि तशीच कामावर गेले. संध्याकाळी येऊन बघते तर एका पूर्ण बाजूची ओळ, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आधी कधीच एवढी नव्हती. मी मुकाट्यानं देव्हाऱ्यापाशी गेले आणि टाक परत गळ्यात घातला. आत्याबाई सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गळ्यात. मानानं ऱ्हाती ती, मानानं घे." गौतमी कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिनं मान वर केली नाही.

गोधडी भराभर भरत होती. मधे आता ताटाएवढीच जागा उरली होती, आणि नवमी जवळ आली होती. आत्याबाईंनी गौतमीचे कपडे एका पिशवीत भरून ठेवले. पिशवी दाराच्या मागं उभी असायची. मी येता जाता तिच्याकडं बघायची आणि बोलायची नाही.

नवमी सोमवारी होती. आदल्या दिवशी, रविवारी, मी गोधडी घेतलीच नाही. रिकाम्या हातानं कार्यशाळेला गेले. निकमबाईंनी मला बाजूला बोलावलं.

"गोधडी कुठाय?"

"घरी. बाई, मला ती पुरी करायची नाही." आणि मी त्यांना सगळं सांगितलं. फोटो, टाक, लाल खूण, रोज वाढणारी ओळ. सांगता सांगता रडू आलं, आणि ते मला अजिबात आवडत नाही.

निकमबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमची सवत चांगली शिवायची म्हणता?"

"सासूबाई म्हणतात. गोड शिवायची म्हणे."

"मग ती नव्हे. त्या दिवशी मी बघितले ना ते टाके. एक लांब, एक आखूड, कोपऱ्यात गुंता. मेल्यावर माणसाचा हात बिघडतो असं काही ऐकलं नाही मी. अहो शेवाळे, नव्यानं सुई धरलेल्या हाताचं काम आहे ते. पंचवीस वर्षं पोरींचे हात बघितलेत. घरी जा. आत्ता. या वेळी तुम्ही घरी कधीच नसता ना? जा."

मी धावत गेले असं म्हणत नाही. साडीत आणि त्या वयात धावता येत नाही. पण गेले.

जयवंतराव आलेला होता. बैठकीच्या खोलीत ह्यांच्यासमोर बसून पोहे खात होता. मला बघून अर्धा उठला. "या हेमाताई." तो मला नेहमी ताई म्हणायचा. बहिणीच्या जागी आलेली ती बहीणच, असं त्यांच्याकडं मानत. माणूस चांगला होता, तेच तर अवघड होतं. मी "आले हं" म्हणून सरळ आत गेले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

गौतमी जमिनीवर मांडी घालून बसली होती. गोधडी तिच्या गुडघ्यांवरून पसरलेली. तोंड खाली, जीभ दातांत धरलेली. आणि डावा हात चालत होता. ज्या पोरीच्या उजव्या हातातून घास सांडायचा, तिचा डावा हात कापडातून सरळ जात येत होता. एक लांब, एक आखूड.

तिनं मला बघितलं आणि हात पाठीमागं लपवला. सुई टोचली असणार, कारण ती कळवळली. पण हात पुढं केला नाही.

"आजीला सांगू नका," ती म्हणाली. माझ्याशी आपणहून बोललेलं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य. "आजी हात बांधून ठेवते. शाळेत पण मारतात."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"कुणी शिकवलं?"

"आईनं. आई म्हणायची, आपण दोघी सारख्या."

"आणि हे रोज... तूच?"

तिनं मान डोलावली. मला एवढं हायसं वाटलं की मी हसले. बऱ्याच दिवसांत छातीत शिरला नव्हता एवढा श्वास आत गेला. टाक काढून ठेवला त्या दिवशी तिच्या शाळेला सुटी होती, हेही मला तेव्हाच आठवलं. कात्री डावीकडं का सापडायची तेही कळलं. भूत बित काही नाही. नऊ वर्षांची एक पोर, आईच्या साडीवर आईसारखं शिवत होती.

"मग मला सांगायचं नाही का? आपण मिळून शिवलं असतं. आईची आठवण येते म्हणून शिवत होतीस?"

"नाही."

"मग?"

ती कापडाकडं बघत म्हणाली, "लवकर व्हावी म्हणून. आजी म्हणाली, ही गोधडी झाली की ती घेऊन मामाकडं जायचं. तुम्ही रोज कामावरून येऊन शिवताय. एकटीला किती दिवस लागले असते." मग म्हणाली, "उद्यापर्यंत होईल. थोडीच राहिलीय."

मी काय समजत होते आणि ती काय समजत होती! मी रोज संध्याकाळी तिच्यासाठी टाके घालत होते, आणि ती रोज दुपारी माझी तिच्यापासून सुटका व्हावी म्हणून. रागानं नव्हे, रुसूनही नव्हे. एखादीला भाजी निवडायला मदत करावी तशी. एवढं मोठं भय मी इतके दिवस बाळगलं, पण माझ्या अंगावर खरा काटा आला तो तेव्हा.

मी उठले आणि तशीच बाहेर गेले. बैठकीच्या खोलीत आत्याबाईही येऊन बसल्या होत्या. माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला.

"गौतमी कुठं जाणार नाही."

ह्यांचा चहाचा कप तसाच धरलेला राहिला. जयवंतराव माझ्याकडं आणि मग आत्याबाईंकडं बघायला लागला.

"मला ती हवी आहे," मी म्हटलं. "लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही. आता न विचारता सांगते. ती माझ्याजवळ राहील. आणि तिच्या हाताला कुणी हात लावायचा नाही. ती डाव्या हातानं जेवेल, डाव्या हातानं लिहील."

मला वाटलं, झालं, आता आत्याबाई घर डोक्यावर घेणार. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"आगं मग येवडं बोलायला तुज्या तोंडात काय मिठाची गुळणी हुती?" त्या म्हणाल्या. "वरीस झालं वाट बघतीया. नवी आली, पोरीला जवळ घेत न्हाई, लांबनं बघती. म्हनलं हिला नकोशी असंल. नकोशी पोर घरात ठिवून तिचं हाल का करा? म्हनून जयवंताला बलिवला."

"आणि मला वाटलं तुम्हालाच पाठवायची आहे."

"माजी नात हाय ती! मला जड झाली हुती व्हय?"

हे कप खाली ठेवून म्हणाले, "मला वाटलं, तुम्हा दोघींचं ठरलंय." एवढंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या माणसावर चिडावं की हसावं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. एक घर, चार माणसं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून गप्प बसलेला.

जयवंतराव म्हणाला, "ते सगळं ठीक आहे ताई. पोरीला विचारलं का कुणी?"

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. ती दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मामाकडं बघितलं, आजीकडं बघितलं, मग दाराच्या मागच्या पिशवीकडं.

"मग ती पिशवी उघडू का?" तिनं विचारलं. "त्यात माझा कंपास आहे. उद्या लागतोय."

मामा हसला आणि त्यानंच पिशवी उचलून तिच्या हातात दिली. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग त्याच दमात मला विचारलं, उद्याच्या खिरीला दूध किती सांगू.

दुसऱ्या दिवशी नवमी झाली. सवाष्ण म्हणून निकमबाई जेवायला आल्या आणि वैजयंताच्या नावानं दिलेली साडी त्यांनी उलटी सुलटी करून, पोत बघून घेतली. गौतमी माझ्या शेजारी बसून डाव्या हातानं जेवली. आत्याबाईंनी एकदा तिकडं बघितलं आणि तोंड फिरवून कोशिंबीर वाढत राहिल्या. जयवंतराव एकटाच विट्याला परत गेला.

संध्याकाळी मी आणि गौतमी गोधडीला बसलो. मी एका बाजूला, ती समोर. मी माझी सुई ओवून सुरुवात केली. ती नुसतीच बसून राहिली.

"शिव ना."

"सुई?" ती म्हणाली.

"डब्यात आहे. घे."

"मला ओवता येत नाही. गाठ पण येत नाही मारता. निसटते." मग तिनं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. "तुम्ही रोज ठेवायचात ना ओवून? इथं, माझ्या हाताच्या बाजूला खोचून. शाळेतून आले की तयार असायची. म्हणून तर मला वाटलं, तुम्हाला घाई आहे."

मी सुई ठेवली नव्हती. एकही दिवस नाही. आत्याबाईंना मोतीबिंदू होता, त्यांना भातातला खडा दिसत नव्हता, सुईचं नेढं कुठलं दिसणार? हे सकाळी सातला दूध संघात जायचे, आणि त्यांच्या शर्टाचं बटणसुद्धा मीच लावायची. घरात आणखी कुणी नव्हतं. बकुळीचा वास आला. माझ्या गळ्याशी काहीतरी ऊबदार झालं आणि मी तिथं हात नेला नाही.

पोर उत्तराची वाट बघत होती.

"हो, मीच ठेवायचे," मी म्हटलं. "घाई होती म्हणून नाही गं. तू शेजारी येऊन बसावंस म्हणून."

तिनं थोडा वेळ विचार केला आणि तिला ते पटलं. मी डब्यातून सुई काढली, ओवली, गाठ मारली आणि तिच्या डाव्या हातात दिली. दिवे लावायची वेळ होईपर्यंत आम्ही शिवत होतो.

आता गौतमीला स्वतःची मुलगी आहे, आणि कार्यशाळा मी घेते. बायका विचारतात, तुम्ही सुई ओवताना का हसता? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

त्या नवमीच्या दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मी दोरा ओवला, गाठ मारली आणि सुई खोचून ठेवायला मागच्या खोलीत गेले. मीच ठेवायचे असं तिला सांगितलं होतं, ते खरं करायला हवं होतं. मधली वीतभर शिवण राहिलेली गोधडी रात्री घडी करून ठेवली होती तशीच होती. तिच्या डाव्या अंगाला एक सुई आधीच खोचलेली होती, ओवलेली, गाठ मारलेली.

मी माझी सुई तिच्या शेजारी खोचली आणि कामावर गेले.